पंचावन्नाच्या आत

आमच्या गावाचा क्रीडा-इतिहास लिहायला कुणी बसलं तर त्याला एक पोस्टकार्ड पुरेल, असं माझी बायको म्हणते. तिचं माहेर परभणी शहरातलं, त्यामुळे तालुक्याच्या गावांना हसायचा हक्क ती लग्नात घेऊनच आली. पण पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू भरतील, हे मी तिला दर वेळी ऐकवतो. एका बाजूला तो सायकलवाला, जो सात दिवस शाळेच्या मैदानात सायकलवरून खाली उतरला नाही. तिथेच जेवला, तिथेच दाढी केली, आणि सातव्या दिवशी उतरला तेव्हा त्याला चालताच येईना. हारांनी गळा भरलेला आणि पाय वाकडे, अशा अवस्थेत त्याला चौघांनी उचलून घरी पोचवलं. आणि दुसऱ्या बाजूला आमचा कबड्डीचा संघ, पंचावन्न किलो गट, ज्याचा मी कॅप्टन होतो.

कॅप्टन म्हणजे काय, तर सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे घसा तयार होता. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. उजव्या कोपऱ्यावर उभा राहून मी समोरच्या संघाला, पंचांना, प्रेक्षकांना आणि वेळ उरलाच तर आपल्याच गड्यांना झापत असे.

त्या काळी आमच्याकडे वजनी गटाच्या स्पर्धा फार होत. धिप्पाड गडी आणून कुणी गावच्या जत्रेत दादागिरी करू नये, म्हणून सातही जणांनी ठरल्या वजनाच्या आत भरायचं, असा नियम. पंचावन्न म्हणजे पंचावन्न. सामन्याच्या दिवशी सगळ्यांची वजनं होत, आणि आमच्या गावात ती मोंढ्यात होत, कारण धान्याच्या बाजारातल्या काट्याइतका विश्वासाचा काटा दुसरा कुठे असणार? तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेला तो जुना मोठा तराजू. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात साखळ्या धरून, लंगोटावर उकिडवा बसलेला खेळाडू. शेजारी मोंढ्यातला म्हातारा मापाडी. पोती मोजताना पहिल्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, ही मोंढ्याची रीत. तो आम्हांलाही तसाच मोजायचा. पहिल्या खेळाडूचं पारडं बरोबर आलं की मोठ्याने म्हणायचा, “लाभ!” आणि मग दोन, तीन. पहिला नेहमी मीच असायचो, त्यामुळे मला उगीचच छाती फुगल्यासारखं व्हायचं.

आमचा संघ घरच्या मैदानावर तीन वर्षं हरला नव्हता. हे खरं आहे. बाहेरगावी मात्र आमची दर वेळी फटफजिती व्हायची, हेही खरं आहे. पाथरीला गेलो, तिथल्या काट्यावर आमचे दोघं जास्त भरले. गंगाखेडला गेलो, तिथे तर तिघं. मग बदली गडी म्हणून जो मिळेल तो घालायचा आणि मार खाऊन परत यायचं. गंगाखेडला मी पंचांच्या तोंडावर सांगितलं, “तुमचा काटा चोर आहे!” आणि गावात परतल्यावर एसटीतून उतरून आम्ही घरी नाही गेलो, सरळ मोंढ्यात गेलो. मापाड्याने आम्हांला एकेक करून पारड्यात बसवलं. सगळे पंचावन्नाच्या आत! “बघा,” मी सगळ्या हमालांना ओरडून सांगितलं, “सगळ्या जिल्ह्यात एकच काटा खरा आहे!” मापाड्याने मिशीवरून हात फिरवला. आमची त्या काट्यावर श्रद्धा बसली होती.

आता आमच्या चढाईच्या गड्याविषयी. विशीतलं पोरगं, मेंढपाळाच्या घरचं. बाप मेंढरं घेऊन आठ महिने शिवारं फिरायचा, आणि हा शिकायला म्हणून गावात मामाकडे राहिलेला. शिक्षण मॅट्रिकला अडकलं ते अडकलंच. पण लहानपणी कळपात शिरून कोकरू मागच्या पायाला धरून काढायची सवय होती, त्यामुळे त्याचा हात डोळ्याच्या आधी पोचायचा. चढाईला गेला की तो समोरच्या सातांकडे बघायचा ते कोण लंगडतंय, कोण बिथरेल आणि एक बिथरला की त्याच्यामागे कोण जाईल, हे ठरवायला. मग शिवून परत. लोक त्याच्यासाठी झाडावर चढून बसत. कानांवर आलेले केस तो हाताने मागे सारायचा तेव्हा टाळ्या पडत, आणि ते त्याला चांगलंच माहीत होतं.

त्या वर्षी त्याचा थोरला भाऊ वेगळा निघाला आणि बाप मेंढरांमागे एकटा पडला. बापाचा निरोप आला की पाडव्यानंतरचा हा एक सामना खेळू दे, दुसऱ्या दिवसापासून पोरगं कळपामागे. यात कुणाची चूक नव्हती. दोनशे मेंढरं एका माणसाला आवरत नाहीत. पोराने मला मैदानावर सांगितलं तेव्हा तो अंगठ्याने माती उकरत होता.

“गुरुजी, येक सामना पुरा खेळतो,” तो म्हणाला. “मंग काय, मेंढरं तं मेंढरं.”

मी त्याला म्हणालो, “मान वर करून बोल की!” मला वाईट वाटलं की मी असाच ओरडतो.

सामना येलदरीकडच्या संघाशी होता. धरणात जाळी ओढणारी पोरं, मनगटं अशी की एकदा धरलं की सुटका नाही. ते सकाळी दहाला यायचे होते, अकराला वजन आणि चारला मोंढ्यातल्याच मैदानावर सामना. आमच्या पोराने दोन दिवस एकेका भाकरीवर काढले होते आणि सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. दोन दिवसांपूर्वी तो मोंढ्याच्या काट्यावर बरोब्बर पंचावन्न भरला होता. म्हणजे काळजी नव्हती, फक्त लवकर वजन होऊन त्याच्या पोटात काहीतरी पडायला हवं होतं.

अकरा वाजले, बारा वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचं वातावरण तापलेलं होतं आणि त्या दिवशी देवगाव फाट्यावर रास्ता रोको होता. आम्हांला ते माहीत होतं, कारण आमचा डावा मध्यरक्षक स्वतः तिथे जाऊन बसला होता. “बारापर्यंत फाट्यावर, नंतर मैदानावर,” असं मला आदल्या दिवशीच बजावून गेला होता. दंगलीच्या वर्षी त्यांच्या वस्तीतली दोन घरं जळाली होती, आणि पुढचे दोन हंगाम तो खेळायला आला नव्हता. मग एका संध्याकाळी आला, फक्कीचा डबा घेऊन त्याने एकट्याने सगळ्या रेषा आखल्या आणि आपल्या जागेवर उभा राहिला. आम्ही कुणीच काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

एकच्या सुमाराला एसटी आली. तिच्यातून येलदरीचा संघ उतरला आणि त्यांच्या मधोमध आमचा मध्यरक्षक, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला.

“मीच अडवलं ह्यांला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आन् मीच घिऊन आलो.”

पाहुण्यांनी त्याला वाटेत शेंगा खायला घातल्या होत्या. वजनाच्या दिवशी शेंगा! मी कपाळावर हात मारला.

वजनं सुरू झाली. पाहुणे आधी बसले, सगळे आरामात आत. त्यांच्याबरोबर मॅनेजर म्हणून एक शेतकरी आला होता. किडकिडीत, टोपी मळलेली, दोन-चार एकरांचा धनी. त्याला कबड्डीतलं फारसं कळत नव्हतं, पण काट्याजवळून तो हलेना. आमच्यातला पहिला मी. “लाभ!” मग बाकीचे, आणि शेवटी चढाईचा गडी पारड्यात बसला. त्याचं पारडं जरासं वरच राहिलं. मापाडी “सात!” म्हणणार इतक्यात तो शेतकरी वाकला आणि वजनाच्या पारड्यात हात घातला. वीस, वीस, दहा, पाच, अशी वजनं त्याने एकेक बाजूला सारली. खाली चिंधीत बांधलेला एक दगड होता.

“हे काय हाय?” त्याने विचारलं.

“कडता हाय त्यो,” मापाडी सहज म्हणाला. “पोत्याचा.”

कडता म्हणजे बारदानाची वजावट. धान्य पोत्यात भरून मोजतात, म्हणून पोत्याच्या वजनापुरता किलोभर दगड पलीकडे टाकून ठेवायचा. मोंढ्यात आयुष्यभर ज्वारी विकलेल्या माणसाला हा दगड कुठे दडलेला असतो ते बरोबर ठाऊक होतं.

“पर पोतं कुटंय?” शेतकऱ्याने विचारलं.

मापाड्याने पारड्यातल्या पोराकडे पाहिलं. पोराने स्वतःकडे पाहिलं. अंगावर लंगोट आणि कमरेच्या करदोड्याशिवाय काही नव्हतं.

“आरारारा,” मापाडी म्हणाला. “तीस वर्सं झाली. हात आपसूक जातो की वो.”

मला आधी त्या शेतकऱ्याचा राग आला, सवयीने. मग डोक्यात गंगाखेड आलं. मग पाथरी. तीन वर्षं आम्ही त्या दगडासकट सराव केला होता, त्याच्यासकट पंचावन्न भरत होतो, आणि सगळ्या जिल्ह्याचे काटे चोर ठरवत फिरत होतो. आमच्या गावाची सगळी कीर्ती त्या किलोभर दगडावर उभी होती! माझे कान तापले. तेवढ्यात पोत्यांवर बसलेला एक हमाल हसला, मग दुसरा, मग पाहुणे, मग आमचाच मध्यरक्षक पोट धरून खाली बसला. शेवटी मीही हसलो. दुसरं काय करणार?

दगड काढून पुन्हा वजनं झाली. पाहुणे तसेच आत, आमचे पाच जण कसेबसे बसले. मी दोनशे ग्रॅम जास्त. आणि चढाईचा गडी सहाशे ग्रॅम जास्त. पंच म्हणाले, नियमाप्रमाणे एक तासाची मुदत. तासात बसला तर खेळेल, नाहीतर नाही.

पोराचं हसू मावळलं. आयुष्यातला शेवटचा सामना, आणि तोही काठावर बसून बघायचा? तो सरळ पळायलाच लागला. मी अंगाला बारदान गुंडाळलं आणि त्याच्या मागे सुटलो. चैत्रातलं दीडचं ऊन. मोंढ्याला फेऱ्या. फाटकावर माझे चौथीतले विद्यार्थी उभे होते, आणि गुरुजी पोत्यात पळताहेत हे बघून त्यांना जो आनंद झाला तो मी वर्षभर शिकवून त्यांना देऊ शकलो नव्हतो.

पाचव्या फेरीला एक म्हातारा फाटकातून आत आला. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पोराचा बाप. गावाबाहेर एकाच्या शेतात मेंढरं बसवून, ओळखीच्या माणसाला राखणीला ठेवून, पोराला न्यायला आला होता.

“काय करायलाव रं माझ्या पोराला?” त्याने विचारलं.

मध्यरक्षकाने त्याला सगळं समजावलं. सहाशे ग्रॅम, एक तास, नाहीतर खेळायला मिळत नाही. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा म्हणेल, बरं झालं, चल मग आत्ताच.

“म्हंजी हलकं करायचंय?” तो म्हणाला.

“हो, मामा.”

“मंग असं कुटं ऱ्हातं व्हय? तुमी तं त्याला सावलीनं पळवायलाव!”

त्याने खांद्यावरची घोंगडी काढली आणि पोराला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली. काठी उचलली. तोंडाने “ट्रर्र… हुर्र!” असा आवाज काढला आणि आम्हां दोघांना उन्हातून हाकायला लागला. सावलीकडे जरा वळलं की काठी आडवी. मी शिक्षक आहे, कॅप्टन आहे, हे सांगायला तोंड उघडलं तर पोटरीवर काठीचं टोक. हमाल ओळीने उभे राहून “हुर्र!” करायला लागले. येलदरीची पोरंसुद्धा. आमचा तो ओला, घामट कळप मोंढ्याच्या चारी बाजूंनी फिरत होता आणि सगळा बाजार आरोळ्या ठोकत होता. मी आयुष्यात इतका कधी हसलो नाही आणि इतक्या धापाही कधी टाकल्या नाहीत.

तास संपायला दहा मिनिटं होती तेव्हा आम्ही काट्यावर आलो. मी बसलो, वजन बसलं! पोरगं बसलं, पण पारडं त्याच्या बाजूने झुकलेलंच.

म्हाताऱ्याने कमरेच्या पिशवीतून लोकर कातरायची कातर काढली. पोराने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “बा, केस नगं!” बापाने त्याचे हात बाजूला केले आणि दोन मिनिटांत डोकं भादरून टाकलं. त्या केसांवर गावातल्या निम्म्या पोरांचा जीव होता. पारडं हललं, पण पुरतं नाही. बोटभर अंतर राहिलं. तेव्हा म्हातारा पोराजवळ खाली बसला. पोराच्या कमरेला चांदीचा करदोडा होता, लहानपणी घातलेला, वाढत्या अंगाबरोबर कड्या जोडलेला, कधीच न काढलेला. त्याची टोकं बांधलेल्या दोऱ्याची गाठ हाताने सुटेना. म्हाताऱ्याने दातांनी सोडवली आणि करदोडा मुठीत घेतला. काटा मधोमध येऊन थांबला.

त्या शेतकऱ्याने वजनाच्या पारड्यात पुन्हा एकदा डोकावून पाहिलं आणि मान हलवली. “बसलं,” तो म्हणाला. मोंढ्यात अशी आरोळी उठली की जणू आम्ही सामना जिंकूनच आलो.

प्रत्यक्ष सामना त्यामानाने वाईट झाला. पोराला गूळ-पाणी, केळी, सगळं दिलं, पण पायांत त्राण नव्हतं. पहिल्या डावात तो दोनदा पकडला गेला. म्हातारा पुढच्या रांगेत बसून बघत होता. त्याने कबड्डी आधी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या डावात पोराने एका चढाईत तिघांना शिवलं आणि परत आला, आणि लोकांनी टोप्या उडवल्या. आम्ही बरोबरीत आलो. मी ओरडून ओरडून घोगरा झालो, मध्यरक्षकासारखाच. शेवटची दोन मिनिटं राहिली.

पुन्हा त्याची चढाई. कोपऱ्याला हात लावला आणि वळला, तेवढ्यात पाच जणांनी त्याला घातलं खाली. म्हातारा उठला.

“सोडा! सोडा माझ्या पोराला!” तो काठी घेऊन मैदानात शिरला. “येकावर पाच जनं? लाज हाय का न्हाई?”

शिट्ट्या, गोंधळ, धूळ. धरणावरच्या त्या दणकट पोरांनी काठी पाहून हात सोडले. आमचा गडी सरपटत मध्यरेषेला पोचला. पंचांनी तो गुण नाकारला. वर प्रेक्षक मैदानात आल्याबद्दल पाहुण्यांना एक गुण दिला. एका गुणाने आम्ही हरलो. घरच्या मैदानावर, तीन वर्षांनी.

माझं डोकं फिरलं. मी म्हाताऱ्याला शोधत निघालो. काय बोलायचं ते सगळं ठरलं होतं, आणि ते मी इथे लिहीत नाही.

पोराच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, त्याला उभं राहता येईना. म्हाताऱ्याने त्याला उचलून मानेवर आडवा घेतला होता, एका हाताने पाय आणि दुसऱ्याने हात धरून. तसा तो गर्दीतून मोंढ्याच्या फाटकाकडे चालला होता. भादरलेलं डोकं एका बाजूला लोंबत होतं. मी आडवा गेलो.

“मामा!” मी ओरडलो.

“गुरुजी,” तो म्हणाला, “हे लय हलकं झालंय वो.”

मी वाटेतून बाजूला झालो.

“ल्हान व्हतं तवा असंच घेऊन फिरायचो,” तो म्हणाला. “तवाबी असंच लागायचं.” माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिला. “दीस दीस चालायचं असतंय मेंढरामागं. रातचं जागायचं. असल्या हलक्याचं तिथं काय काम हाय?”

“म्हणजे?” मी विचारलं. मानेवरचं पोरगंही ऐकत होतं, त्याचे डोळे उघडे होते.

“ऱ्हाऊ द्या इथंच. पंचावन्नाच्या वर गेलं की सांगावा धाडा. मंग येतो न्यायला.”

“आणि मेंढरं?”

“हाईत की मी.”

त्याने पोराला पोत्यांच्या थप्पीवर उतरवलं, घोंगडी झटकली आणि खांद्यावर टाकली. पोराने त्याचं धोतर धरलं, त्याने ते सोडवलं. मी, रागीट म्हणून गावभर ओळखला जाणारा माणूस, भर मोंढ्यात नाक ओढत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. म्हातारा फाटकापर्यंत गेला, काठी टेकवून थांबला आणि मागे वळला.

“आन् खाया घाला त्याला,” तो म्हणाला. “पर लय नगा घालू.”